अक्काच्या अंगात

अक्का माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी रांगत होते, म्हणून आई या शब्दाबरोबर माझ्या डोळ्यांसमोर अक्काच येते. भाकरी थापता थापता मला कोपरानं मागे सारणारी, आणि माझी वेणी इतकी घट्ट घालणारी की दिवसभर भुवया ताणलेल्या राहायच्या. आमचे नाना मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी अक्काला पारोळ्याजवळच्या एका गावी, कापूस-भुईमुगाची चांगली शेती असलेल्या घरात दिली. माझंही लग्न लहानपणीच उरकलं होतं, पण सासरी जाण्याआधीच नवरा तापानं गेला. नानांनी लोकांचं बोलणं मनावर न घेता मला शिकवलं आणि मी धुळ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहायचे. सुट्टी लागली की मोटारीत बसायचं आणि अक्काकडे जायचं, एवढंच माझं माहेर होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. घरात सगळ्यांआधी उठणारी अक्का त्या दिवशी ऊन अंगणात उतरलं तरी उठेना. मी हलवून जागं केलं तर माझ्याकडे बघत राहिली. बघत होती, पण ओळखत नव्हती. थंडीचे दिवस असूनही तिची चोळी घामानं चिंब झाली होती. ती उठली, तांब्या घेतला आणि पाणी हंड्यात ओतायच्या ऐवजी हंड्याशेजारी जमिनीवर ओतलं. मी घाबरून दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हाक मारली. ते आत गेले, भरपूर गूळ घातलेला चहा घेऊन आले आणि बशीनं तिला पाजला. थोड्या वेळानं ती डोळे चोळत म्हणाली, "बाई, तू कधी उठनी?"

दाजी मला बाहेर म्हणाले, "रोज नई व्हस. कधीमधी व्हस. च्या पिनी का बरी व्हई जास."

पित्त असेल, अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणत होते. अशक्त तर ती दिसत नव्हती. उलट अंगानं भरत चालली होती. तिला सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटे. कमरेच्या पिशवीत गुळाचा खडा ठेवायची, कापूस वेचताना शेंगदाणे खायची, पहाटे सगळे उठायच्या आत चुलीपाशी बसून शिळी भाकरी खायची. सासूबाईंना ते खपत नसे. "निवद दखाडाना पहिलेच ही खाई लेस," असं त्या शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. चांगल्या घरची सून चोरून खाते ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. अक्का ऐकून घ्यायची. खाल्लं नाही तर आपल्याला काहीतरी होतं, इतकंच तिला कळत होतं. काय होतं ते तिला सांगता येत नव्हतं, कारण तेव्हा ती तिथं नसायचीच.

पुढच्या श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसली. आमच्या खानदेशात कानबाईचा थाट दिवाळीहून मोठा. रविवारी नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून देवी मांडायची, देवीसाठी वेगळ्या दळलेल्या पिठाच्या रोटांचा स्वयंपाक करायचा आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. त्या वर्षी कानबाई डोक्यावर घेण्याचा मान अक्काचा होता. सोवळ्यात राहायचं म्हणून रविवारपासून तिनं तोंडात काही घातलं नव्हतं. सोमवारी सकाळी देवीचा पाट उचलायला ती वाकली आणि तिथंच घुमू लागली. डोळे फिरले, घाम सुटला, दात आवळून ती काहीबाही बोलू लागली. तिचा आवाजही तिचा राहिला नाही.

"कानबाई उनी! वटी भरा मायनी!" सासूबाई ओरडल्या.

बायका धावल्या. हळदकुंकवानं तिचं कपाळ भरून गेलं. कुणी मूल तिच्या पायावर घातलं, कुणी हरवलेल्या बैलाचं विचारलं. शेवटी कुणीतरी प्रसादाचं गूळखोबरं तिच्या तोंडात कोंबलं आणि काही वेळात देवी गेली. अक्कानं डोळे उघडले, भोवतालची गर्दी पाहिली आणि मला हळूच विचारलं, "बठ्ठा लोक मना पाय काबर पडी राह्यनात?"

त्या दिवसापासून त्या घरात देवीचा मंगळवार सुरू झाला. आजूबाजूच्या खेड्यांतून बायका यायच्या. देवी यायची तर अंग शुद्ध हवं म्हणून सोमवारी दुपारपासून अक्काला उपाशी ठेवायचे. सासूबाई ढोंगी नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्यांचा खरोखर विश्वास होता. आठवडाभर सुनेला खाण्यावरून बोलणारी ती बाई मंगळवारी तिच्या पायावर डोकं ठेवून रडायची. आणि देवी यायचीही. उपाशी ठेवलं की हमखास यायची.

मी एकदा अक्काला परसात गाठून विचारलं, "खरंच काही दिसतं का गं तुला?"

"काय दिसाव? डोकामा निस्ता धूर व्हस. मंग गोड लागस जिभले, आनि तुम्ही बठ्ठा दिसतस."

पुढे बिनउपासाच्या दिवशीही असं होऊ लागलं. दुपारी शेतातून येताना ती वाट चुकली आणि दुसऱ्याच गावच्या शिवारात सापडली. मग एक दिवस ती माझ्याकडे धुळ्याला आली. दाजी बरोबर होते आणि तिची सात वर्षांची मुलगीही. मुलीच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. मी पाणी दिलं तर अक्कानं ते घेतलं नाही.

"मी पोरना हातवर तापेल सांडशी ठी दिन्ही," ती म्हणाली. "हात मनाच व्हता. आनि माले याद नई. हाई देवी ऱ्हाई का? देवी असं करस का?"

आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर होते. मुंबईला शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, मागच्या खोलीत चार खाटा टाकून दवाखाना चालवणारे. आमच्या शाळेच्या मुलींना ते तपासायला यायचे, म्हणून माझी ओळख होती. मुलीच्या हातावर पट्टी बांधून घेताना मी अक्काचं सगळं सांगितलं. फिट येते म्हणून ते आधी ब्रोमाइड लिहून देत होते. मी गूळ घातलेल्या चहाचं बोलले आणि त्यांचा हात थांबला.

"गोड दिल्यावर शुद्धीवर येतात? दर वेळी?"

"हो," दाजी म्हणाले.

"आणि होतं ते नेहमी उपाशीपोटीच?"

दाजींनी थोडा विचार केला. "जेवन करीसनी कधी नई व्हयनं."

डॉक्टर कपाटातून वैद्यकीय मासिकांचे जुने अंक काढून चाळत बसले. मग म्हणाले, "मी असा रोगी कधी पाहिलेला नाही. फक्त वाचलंय. उद्या यांना माझ्याकडे ठेवा. काही खायला द्यायचं नाही. मी स्वतः जवळ बसेन."

अक्कानं हात जोडले. "उपास नको डॉक्टर, तुमना पाया पडस."

"शेवटचा उपास," ते म्हणाले. "आणि या वेळी कुणी तुम्हाला बोलायला लावणार नाही. मी फक्त तुमच्याकडे बघत बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेजवळ खुर्ची घेऊन बसले. दर थोड्या वेळानं विचारायचे, गाव कोणतं, आज वार कोणता, दहापासून उलटे आकडे म्हणा. अक्का लाजत लाजत उत्तरं देत होती. दुपार व्हायला आली तसे आकडे चुकू लागले. मग वार चुकला. मग ती मला "माय" म्हणाली आणि आमच्या मेलेल्या आईशी बोलावं तसं बोलू लागली. ओठ थरथरत होते, गळ्यावरून घाम ओघळत होता. दाजी उठून चहा आणायला निघाले, तर डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. आधी त्यांनी तिच्या दंडातून नळीभर रक्त काढून घेतलं, मग मोठ्या पिचकारीची सुई शिरेत घालून साखरेचं पाणी अगदी हळूहळू सोडायला सुरुवात केली.

पिचकारी निम्मीही रिकामी झाली नव्हती. अक्काचा हात उठला. मला वाटलं झटका देणार. पण तिनं पदर चाचपला आणि डोक्यावरून पुढे ओढून घेतला. परका पुरुष जवळ बसला आहे हे तिला कळलं होतं.

"हाई काय करी राह्यनात तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज तिचाच होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

रक्त त्यांनी तपासून आणलं. साखर फारच खाली गेली होती. संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. जठराच्या मागे एक लांबट ग्रंथी असते. आता पुस्तकांत तिला स्वादुपिंड म्हणतात, ते पँक्रियास म्हणाले. मधुमेहाच्या रोग्यांना इन्सुलिन नावाचं जे औषध टोचून घ्यावं लागतं, तेच ही ग्रंथी आपल्या पोटात तयार करत असते, लागेल तेवढंच. अक्काच्या त्या ग्रंथीत कुठेतरी एक बारीक गाठ असावी. ती गाठ रात्रंदिवस, कुणी न मागता, इन्सुलिन सोडते आहे. रक्तातली साखर संपते, आणि साखर नसेल तर मेंदू चालत नाही.

"म्हणजे अंगात येणं..." मी म्हटलं.

"अंगात आहेच," डॉक्टर म्हणाले. "पण ती देवी नाही."

"औषध?" दाजींनी विचारलं.

"औषध नाही. गाठ शोधून कापून काढायची. इथं होणार नाही, मुंबईला न्यावं लागेल. तिथले माझे गुरू आहेत, त्यांचा हात चांगला आहे. पण ही शस्त्रक्रिया त्यांनीही क्वचितच केली असेल. जगात फार थोड्यांनी केली आहे. मी तुम्हाला फसवणार नाही. त्या ग्रंथीला हात लावणं धोक्याचं असतं. आणि नाही लावला, तर एक दिवस त्या उठणार नाहीत, किंवा उठतील पण अशाच राहतील."

दाजी जमिनीकडे बघत बसले. निर्णय त्यांनी घ्यायचा असं सगळे धरून चालले होते. पण बोलली अक्का. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती आणि तिच्या पट्टीवर अक्काचा हात होता.

"कापू द्या. मरनू तं मरनू."

गावात कुणाला पटलं नाही. देवीच्या अंगाला सुरी लावता, असं म्हणत सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. निघताना मात्र त्यांनीच गुळाची पुडी आणि शेंगदाण्याचे लाडू दाजींच्या पिशवीत घातले आणि वाटेत तिला भुकेली ठेवू नका म्हणाल्या. नात त्यांच्याजवळ राहिली. आम्ही तिघं धुळ्याहून गाडीनं चाळीसगावला आणि तिथून मुंबईला गेलो. अक्का पहिल्यांदाच इतक्या लांब जात होती. खिडकीशी बसून ती सारखी विचारायची, हे कोणतं पीक, इथं पाणी कुठून येतं. लहानपणी मी तिला विचारायचे तशी.

मुंबईच्या इस्पितळात लढाईमुळे सगळ्याचीच ओढाताण होती. सर्जन वयस्कर होते, कमी बोलायचे. त्यांनी पुन्हा तसाच उपास करवला, पुन्हा रक्त घेतलं आणि धुळ्याच्या आपल्या शिष्याचं निदान बरोबर आहे असं मान्य केलं. गाठ बाहेरून दिसत नाही, एक्स-रेच्या फोटोतही येत नाही, म्हणाले. पोट उघडून बोटांनी चाचपायची. सापडली तर काढायची, नाही सापडली तर ग्रंथीचा शेपटाकडचा भाग अंदाजानं कापायचा.

शस्त्रक्रिया फार वेळ चालली. दाजी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते, बसा म्हटलं तरी बसत नव्हते. शेवटी सर्जन स्वतः बाहेर आले. त्यांच्या हातात काचेची लहान बाटली होती आणि तिच्या तळाशी भुईमुगाच्या दाण्याएवढी तांबूस-जांभळी गोळी होती.

दाजींनी बाटली उजेडाकडे धरली. "इतलुसं?"

"एवढीच," सर्जन म्हणाले. ते हसले, तेव्हा आम्हालाही हसू आलं.

त्यानंतरची पहिली सकाळ मी कधी विसरणार नाही. बायकांच्या खोलीत मला रात्री थांबू दिलं नव्हतं. सकाळी गेले तर अक्का डोळे उघडे ठेवून पडलेली. पोटात काही नाही, तोंडाला फक्त ओला बोळा लावलेला. तरी घाम नव्हता आणि नजर स्वच्छ होती.

"उजेड पडना," ती पुटपुटली, "आनि मी जागी शे."

दाजी भेटायला आले तर तिनं त्यांना विचारलं, तुम्ही चहा घेतला का. पुढचे काही दिवस ती रोज विचारायची. हलू शकत नव्हती, टाके दुखत होते, पण बोलत होती. गेल्या तीन-चार वर्षांत तिच्या हातून निसटलेल्या गोष्टी ती मला विचारून घ्यायची. त्या दिवाळीत मी कोणतं लुगडं नेसले होते, कानबाईला कोण कोण आलं होतं, मुलीचा पहिला दात कधी पडला. मी सांगायचे आणि ती डोळे मिटून ऐकायची.

मग ताप आला. पोटावरची पट्टी सारखी भिजू लागली. जखमेतून पाण्यासारखा द्रव झिरपायचा आणि जिथं लागेल तिथली कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची. सर्जननांनी सांगितलं, अन्न पचवणारा रस त्या ग्रंथीतून गळतो आहे. आतड्याची वाट सोडून बाहेर पडला, की तो माणसालाच पचवायला निघतो. नर्स जखमेभोवती पांढरा लेप लावायच्या, नळीनं रस ओढून घ्यायच्या. जंतू मारायला सल्फाच्या गोळ्या दिल्या. आज जी औषधं कुठल्याही दुकानात मिळतात ती तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत पोहोचली नव्हती. सर्जन सकाळ-संध्याकाळ येऊन उभे राहायचे. पहिल्या दिवसांसारखे आता ते हसत नव्हते.

दर दिवशी अक्का थोडी थोडी आटत गेली. पण शुद्ध गेली नाही. एका दुपारी तिनं मला केस विंचरायला सांगितलं. मी हलक्या हातानं विंचरू लागले तर म्हणाली, "घट्ट घाल ना वेनी, असी काय घालस?" मी घट्ट घातली. मग तिनं माझा हात धरला.

"पोरले तुनाकडे लई जाय. शाळामा घाल तिले."

"तू बरी हो, मग आपण दोघी घालू."

"हा," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत घालावी तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी, दाजी आणि मी दोघं जवळ असताना, ती गेली.

मुंबईतच सगळं केलं. परतताना चाळीसगावला धुळ्याच्या गाडीसाठी थांबावं लागलं. फलाटावर फेरीवाला गुळाच्या पाकातली गुडीशेव विकत होता. दाजी उठले, पुडा घेतला आणि सवयीनं कमरेला खोचला. परत येऊन बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, जिच्यासाठी घेतला ती आता नाही. त्यांनी पुडा काढून माझ्या हातात दिला, उपरणं तोंडावर घेतलं आणि गाडी येईपर्यंत तसेच बसून राहिले.

गावी सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "तू तिले लई गयी. परत काबर नई लयनी?" देवीचा कोप झाला असं गावात ठरलं. काही बायकांनी तिच्या नावानं परसात दगड मांडून त्याला शेंदूर लावला. दाजींनी तो दगड उचलून विहिरीत टाकला. कुणाशी वाद घातला नाही, फक्त टाकला.

पावसाळा संपता संपता ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिला ठेवून जायचं होतं. सासूबाईंनी कपडे धुऊन, घड्या घालून दिले होते. मला वाटलं दाजी लगेच निघतील. पण ते म्हणाले, चला, डॉक्टरांकडे जाऊन येऊ.

डॉक्टरांना मुंबईहून कळलं होतं. आम्हाला दारात पाहून ते उभे राहिले, बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. दाजींनी मुलीला पुढे केलं.

"हिले बी व्हई का?"

डॉक्टरांनी तिला मांडीजवळ उभं केलं. सकाळी कशी उठते, घाम येतो का, सगळं विचारलं, डोळे पाहिले, पोट पाहिलं. "सहसा होत नाही," ते म्हणाले. "पण माझं ज्ञान किती तोकडं आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून तिला नेलंत. मी सांगितलं नसतं तर आज..." तोंड फिरवून ते औषधांच्या बाटल्या विनाकारण सरळ करू लागले.

दाजी त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. शहरातल्या माणसाला हात कसा लावायचा म्हणून ते आधी अडखळले, मग त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"डॉक्टरसाहेब, शेवटला दिवस ती आमले वळखत व्हती. सकाये माले इचारे, च्या पिनात का. चार वरीस मनी बायको माले सकाये दिसनी नव्हती. ती तुम्ही दखाडी."

डॉक्टर वळले नाहीत. मुलगी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या मनगटावरचा डाग आता फिकट गुलाबी झाला होता. मी तिला घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. मग दाजी बाहेर आले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पारोळ्याची मोटार गाठायला निघून गेले.